गुरांमागे गेलेला मुलगा

डॅनियल बूनच्या हातात बंदूक आली ती बाराव्या-तेराव्या वर्षी. त्याआधी त्याच्याकडे सोटा होता. कोवळं झाड मुळासकट उपटायचं, खोड मुठीत बसेल इतपत तासायचं आणि मुळांचा गड्डा टोकाला तसाच ठेवायचा. गुरांमागे रानात हिंडताना हा सोटा फेकून तो पाखरं आणि लहानसहान जनावरं टिपायचा. बंदूकवाल्याचं काम लांबून भागतं. सोटेवाल्याला मात्र सावजाच्या अगदी जवळ जावं लागतं, वारा कुठून येतोय ते बघावं लागतं, पायाखालची काडीही मोडू न देता उभं राहावं लागतं. बूनचं पुढचं सगळं आयुष्य या कसबावर उभं आहे, आणि ते त्याला आईच्या गायी राखताना मिळालं.

अमेरिकेत बून हे नाव माहीत नाही असा माणूस विरळा. डोंगरापलीकडच्या केंटकीची वाट पाडणारा, तिथला बूनस्बरोचा किल्ला राखणारा, स्वातंत्र्ययुद्धात सरहद्दीवर, म्हणजे गोऱ्या वस्तीच्या पश्चिम कडेला, लढलेला देशभक्त म्हणून तो शाळेत भेटतो. चित्रांत त्याच्या डोक्यावर रॅकूनची शेपूट लोंबणारी टोपी असते. प्रत्यक्षात तो साधी, रुंद काठांची फेल्टची टोपी घालायचा. मी पेनसिल्व्हेनियात राहते. रेडिंग शहराजवळ, ओलीच्या खोऱ्यात, त्याच्या जन्माची जागा जपून ठेवली आहे. तो जन्मला ते ओंडक्यांचं घर आता उभं नाही, त्याच जागी नंतर झालेलं दगडी घर आहे. पण तळघरात तो झरा आहे ज्यावर पहिलं घर बांधलं होतं. बाहेर थंडी असो की हल्ल्याचं भय, पाणी घरातच, असा तो हिशेब. तळघरात वाकून त्या झऱ्याकडे बघताना मला पहिल्यांदा जाणवलं, की मी या माणसाची फक्त उत्तरार्धाची गोष्ट ऐकत आले आहे. केंटकी, किल्ला, वेढा, अपहरण. पण झऱ्यावरच्या त्या घरात त्याची पंधरा वर्षं गेली. त्यानंतर मी त्या वर्षांविषयी मिळेल ते वाचत गेले.

त्याचे वडील स्क्वायर बून इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या ब्रॅडनिंच गावचे. विणकराचं घराणं आणि क्वेकर पंथ, म्हणजे हत्यार न धरणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा पंथ. १७१३ मध्ये स्क्वायर एका भावाबहिणीबरोबर समुद्र ओलांडून पेनसिल्व्हेनियात आला, देश कसा आहे ते बघायला. चार वर्षांनी आईवडील आणि बाकीची भावंडंही आली. १७२० मध्ये स्क्वायरने सारा मॉर्गनशी लग्न केलं. ती वेल्श क्वेकर कुटुंबातली, धिप्पाड, काळ्याभोर डोळ्यांची बाई. त्यांना अकरा मुलं झाली, त्यात डॅनियल सहावा. जन्म २२ ऑक्टोबर १७३४ चा. इंग्रजांनी पुढे दिनदर्शिका बदलली त्या हिशेबाने ती तारीख २ नोव्हेंबर होते, पण बून स्वतः ऑक्टोबरचीच सांगायचा.

घरात पाच-सहा माग चालत, बाजूला लोहाराचा भाता पेटलेला, शिवाय शेती. म्हणजे हे कुणी भणंग सरहद्दवाले नव्हते. हाताला चार कामं येणारं, पंथात मान असलेलं, खाऊनपिऊन सुखी घर होतं. डॅनियलच्या आजोबांचा, जॉर्ज बून यांचा, १७४४ मध्ये मृत्यू झाला तेव्हा त्यांच्यामागे आठ मुलं, बावन्न नातवंडं आणि दहा पतवंडं होती. सत्तर माणसं! पुढे या घराण्याला जमिनीची जी ओढ लागली, ती निव्वळ साहसाची नव्हती. आजोबांच्या वेळी मुबलक असलेली जमीन नातवांना पुरणार नव्हती, हे सगळ्यांना दिसत होतं.

त्याच वर्षी स्क्वायरने घरापासून काही मैलांवर पंचवीस एकरांचं कुरण घेतलं. तिथे एक खोपटं होतं. वसंतात गायी घेऊन सारा तिथे राहायला जायची आणि हिवाळा जवळ आला की परतायची. लोणी काढायचं, चीज करायचं, आठवड्याचं लोणी घरी पोचवायचं हे तिचं काम. गायी दिवसभर रानात सोडायच्या आणि सांजेला धारेच्या वेळी वळवून आणायच्या हे डॅनियलचं. तो तेव्हा दहा वर्षांचा. पुढची कित्येक वर्षं प्रत्येक उन्हाळा त्याने असाच काढला.

अकरा मुलांच्या घरात सहाव्या मुलाच्या वाट्याला आई किती यावी? मला वाटतं, डॅनियलच्या वाट्याला ती या कुरणावर आली. बाकीची भावंडं खाली घरात, माग आणि भात्यापाशी. वर रानाच्या कडेला ही दोघंच, आणि गायींच्या गळ्यातल्या घंटा. मुलगा गायी विसरून रानात खोल जायचा. त्याला सांजेचं भान उरायचं नाही, आणि मग आईच रानात शिरून घंटांच्या आवाजामागे जाऊन गायी आणायची. यावर तिने त्याला मारल्याची किंवा बांधून ठेवल्याची एकही गोष्ट कुटुंबाने पुढे सांगितलेली नाही.

एक संध्याकाळ अशी आली, की तो परतलाच नाही. रात्र गेली. सकाळी साराने गायी पिळल्या, लोणी घुसळून थंड जागी ठेवलं, आणि मग गावाकडे चालत जाऊन माणसं गोळा केली. ही बाई आधी लोणी उरकते, हे मला फार आवडतं. त्यात निर्दयपणा नाही, तिच्या काळजीची रीतच तशी होती. शोधायला गेलेल्यांना बऱ्याच लांब एका आडोशातून धूर येताना दिसला. आत डॅनियल अस्वलाच्या कातड्यावर बसला होता आणि विस्तवावर अस्वलाचं मांस भाजत होता. हरवला होतास का, असं विचारल्यावर तो म्हणे नाही म्हणाला. आपण कुठे आहोत हे त्याला ठाऊक होतं. अस्वलाचा माग लागला होता, तो सोडवेना, एवढंच.

या गोष्टी आपल्यापर्यंत कशा आल्या तेही इथेच सांगायला हवं. १८५१ मध्ये लायमन ड्रेपर नावाचा संग्राहक मिझुरीत बूनच्या धाकट्या मुलाच्या, नेथनच्या घरी जाऊन राहिला, आणि नेथन व त्याची बायको ऑलिव्ह यांच्याकडून ऐकलेलं सगळं त्याने लिहून घेतलं. नेथन तेव्हा सत्तरीचा. म्हणजे बापाने म्हातारपणी सांगितलेलं लहानपण, मुलाने स्वतःच्या म्हातारपणी आठवलेलं. मधे शंभर वर्षं गेलेली. यात कुठे रंग चढला असेल, कुठे दोन प्रसंग एक झाले असतील. तरी मी या गोष्टींवर बराचसा विश्वास ठेवते, कारण त्यात बून वीर म्हणून दिसत नाही. तो हट्टी, खोडकर आणि घरच्यांना जड जाणारा मुलगा म्हणून दिसतो. वीराची गोष्ट रचायला बसलेला माणूस या गोष्टी निवडणार नाही.

देवीच्या साथीचंच बघा. गावात देवी आल्या म्हणून साराने मुलांना घरात कोंडून ठेवलं. डॅनियल अगदी लहान, बहीण एलिझाबेथ थोडी मोठी. दोघांनी ठरवलं, की एकदा देवी येऊन गेल्या की कोंडणं संपेल. रात्री दोघं गुपचूप बाहेर पडली, शेजारच्या घरात शिरली, देवी आलेल्या मुलाच्या अंथरुणात जाऊन पडली आणि परत येऊन आपापल्या जागी झोपली. काही दिवसांनी अंगावर फोड दिसू लागले. आईने डॅनियलला खरं काय ते विचारलं आणि त्याने सगळं सांगून टाकलं. आईने रागावून घेतलं, मग आधी का नाही सांगितलंस म्हणाली, म्हणजे अंथरुणा-पांघरुणाची तयारी तरी करून ठेवली असती. मुलं वाचली. वाचणार नाहीत असाही तो आजार होता. बाहेर जायला मिळावं म्हणून इतकी मोठी किंमत मोजायची तयारी पोराच्या अंगी तेव्हाच होती.

दुसरा प्रसंग माशांचा. वसंतात नदीला शॅड मासे चढायचे, सगळी वस्ती ते पकडायला आणि साफ करायला जमायची. डॅनियल झाडाखाली टोपी तोंडावर घेऊन झोपला होता. शेजारच्या दोन मुलींनी माशांच्या आतड्यांची बादली त्याच्या तोंडावर ओतली. तो उठला आणि दोघींना बदडून काढलं. मुलींची आई तणतणत साराकडे आली. शांत, सौम्य, कुणावर हात न उगारण्याची शिकवण असलेल्या पंथातली सारा तिला म्हणाली, की तू तुझ्या मुलींना वळण लावलं नसशील तर आता कुणीतरी लावायला हवंच होतं. डॅनियलचं वागणं मला पटत नाही. पण साराचं बोलणं वाचलं की कळतं, या मुलाला घरात कुणाचा आधार होता.

शाळा त्याला फारशी मिळाली नाही. अक्षरओळख थोरल्या भावाच्या, सॅम्युएलच्या बायकोने करून दिली. तिचंही नाव सारा. त्याचं स्पेलिंग शेवटपर्यंत मनाला येईल तसं राहिलं. त्याच्या शिक्षणाची तक्रार झाली तेव्हा स्क्वायर म्हणाला, पोरींना करू द्या स्पेलिंग, डॅन बंदूक चालवेल, अशी घराण्यात आठवण आहे. यावरून त्याला निरक्षर ठरवणारे खूप भेटतात. पण तो वाचत असे. लांबच्या शिकारीला जाताना सामानात पुस्तक बांधून नेत असे, आणि रात्री शेकोटीपाशी सोबत्यांना मोठ्याने वाचून दाखवत असे. पत्रंही लिहायचा. त्याच्या पत्रांतली वाकडीतिकडी स्पेलिंगं वाचताना ती डोळ्यांना नव्हे, कानाला बरोबर वाटतात. तो बोलायचा कसा, ते त्यातून आजही ऐकू येतं.

आता ओलीच्या खोऱ्याविषयी. आपण सरहद्द म्हटलं की कायमचं युद्ध डोळ्यांसमोर आणतो. डॅनियलच्या लहानपणी इथे तसं नव्हतं. विल्यम पेनने वसवलेल्या या वसाहतीत क्वेकरांनी मूळच्या लेनापे लोकांशी बोलून, मोबदला देऊन जमीन घ्यायचं ठरवलं होतं, आणि बऱ्याच काळ ते तसं चाललं. लेनापे आणि शॉनी माणसं खोऱ्यातून ये-जा करत, शिकारीला जाता-येता वस्तीवर थांबत. डॅनियलने त्यांना पाहिलं ते शेजारी म्हणून. माग काढणं, झाडपाला ओळखणं, हरणाचं कातडं कमावणं यातलं बरंचसं त्या काळच्या गोऱ्या शिकाऱ्यांनी त्यांच्याकडूनच उचललं होतं.

पण याच शांततेच्या शेजारी दुसरं काही घडत होतं. डॅनियल तीन वर्षांचाही नव्हता तेव्हा, सप्टेंबर १७३७ मध्ये, पेनच्या मुलांनी एक जुना दस्तऐवज पुढे केला. माणूस दीड दिवसात जितकं चालेल तितकी जमीन लेनापेंनी द्यायची, असं त्यात असल्याचं त्यांचं म्हणणं. लेनापेंना वाटलं, नेहमीसारखं थांबत, खातपीत चालणं होईल. पेनच्या माणसांनी आधीच झाडी तोडून वाट करून ठेवली आणि चालायला तीन दमदार गडी पैसे देऊन आणले. त्यातला शेवटपर्यंत टिकलेला एडवर्ड मार्शल साठ मैलांच्या वर गेला. सुमारे बारा लाख एकर जमीन लेनापेंच्या हातून गेली. हे ओलीपासून फार लांब घडलं नाही. डॅनियल वाढत होता त्या वर्षांत खोऱ्यातून जाणारे लेनापे हे घर सुटलेले लोक होते. त्याला ते किती कळलं असेल सांगता येत नाही. मी मात्र त्याच्या लहानपणाचं सुंदर चित्र बघताना हे बाजूला ठेवू शकत नाही.

आणि मग घर फुटलं. त्याला कारण झाली लग्नं. क्वेकरांत पंथाबाहेर लग्न करायचं नाही असा कडक नियम होता. १७४२ मध्ये थोरल्या मुलीने, तिचंही नाव साराच, पंथाबाहेरच्या जॉन विलकॉक्सनशी लग्न केलं, आणि लग्नाच्या वेळी तिला दिवस गेलेले होते. एक्सिटरच्या क्वेकर सभेने, म्हणजे ओलीतल्याच पंथाच्या मंडळीने, स्क्वायरला जाब विचारला. तो सभेपुढे उभा राहिला, आपण पेचात सापडलो होतो, चुकलो, असं त्याने कबूल केलं. प्रकरण मिटलं. पाच वर्षांनी थोरला मुलगा इस्राएल त्याच वाटेने गेला. सभेचे लोक पुन्हा आले. या वेळी स्क्वायर नमला नाही. आपल्या हातून काही चूक घडल्याचं मला दिसत नाही, आणि ते दिसेपर्यंत माफी मागणार नाही, अशा अर्थाचं त्याने सांगून टाकलं. १७४८ मध्ये सभेने त्याला वाळीत टाकलं. ज्या सभेचा तो कारभारी राहिला होता, जिच्यासाठी त्याच्या बापाने समुद्र ओलांडला होता, तिने.

सारा मात्र सभेत राहिली. नवरा बाहेर, बायको आत. ती मुलांना घेऊन सभेला जात राहिली. डॅनियल तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा. आईची श्रद्धा खरी आणि बापाचा ताठा खरा, दोन्ही एकाच घरात, एकाच जेवणाच्या टेबलाशी त्याने पाहिले. मला वाटतं, बून समजून घ्यायचा असेल तर केंटकीतल्या कुठल्याही लढाईपेक्षा ही दोन वर्षं जास्त उपयोगी पडतात. तो पुढे कुठल्याही पंथाचा सभासद झाला नाही. पण आईचंही काही त्याने टाकलं नाही. १८१६ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, भावजयीला लिहिलेल्या पत्रात त्याने आपला धर्म सांगितला आहे. देवावर प्रेम करायचं आणि त्याचं भय बाळगायचं, येशूवर विश्वास ठेवायचा, शेजाऱ्याचं आणि स्वतःचं जमेल तितकं भलं करायचं, इजा जितकी टाळता येईल तितकी टाळायची. बाकीच्यासाठी देवाच्या दयेवर भरवसा. या पत्रात आई आहे. सभा नाही.

१७५० च्या मे महिन्यात बून कुटुंब निघालं. अपमान हे एक कारण, जमीन हे दुसरं. ओलीची माती अनेक वर्षांच्या पिकांनी थकली होती, मुलं मोठी झाली होती आणि दक्षिणेला कॅरोलायनात जमीन स्वस्त होती. निघण्याआधी साराने सभेकडून शिफारसपत्र घेतलं, की ही आमची सभासद, जिथे जाईल तिथल्या क्वेकरांनी हिला आपली म्हणावं. वाळीत टाकलेल्या नवऱ्याच्या गाडीत बसून ते पत्र जपून नेणारी ती बाई मला या सगळ्या प्रवासातली सर्वांत मोठी व्यक्ती वाटते. बून मंडळी पश्चिमेला सस्क्वेहॅना ओलांडून शेनॅंडोआच्या खोऱ्याने खाली उतरली, लिनव्हिल क्रीकपाशी काही काळ थांबली आणि १७५२ च्या सुमारास नॉर्थ कॅरोलायनात यॅडकिन नदीकाठी पोचली. (ओलीत बूनांचे शेजारी होते लिंकन. दोन्ही घराण्यांत सोयरिकही झाली. त्या लिंकनांतला एक जण पुढे याच लिनव्हिल क्रीकवर जाऊन वसला, आणि त्याचा पणतू राष्ट्राध्यक्ष झाला.)

शेनॅंडोआतल्या मुक्कामातून डॅनियल पहिल्यांदा खऱ्या अर्थाने लांबच्या शिकारीला गेला. सोबत हेन्री मिलर, स्क्वायरकडे लोहारकाम शिकणारा त्याच्याच वयाचा दोस्त. दोघांनी महिनोन्‌महिने रानात काढले, कातडी जमवली आणि ती विकायला थेट फिलाडेल्फियाला गेले. पैसा चांगला मिळाला. तो सगळा त्यांनी तिथेच उडवला आणि मोकळ्या हातांनी घरी आले. मिलरने त्यातून धडा घेतला. तो स्थिरावला आणि पुढे व्हर्जिनियात लोखंडाच्या भट्टीचा मालक झाला. डॅनियलला मात्र रिकाम्या हाताचं काहीच वाटलं नाही. त्याला परत जायचं होतं. पुढच्या आयुष्यात त्याने हजारो एकर जमिनीवर हक्क सांगितला आणि जवळजवळ सगळी गमावली. ज्यांना याचं आश्चर्य वाटतं त्यांनी या फिलाडेल्फियाच्या फेरीकडे बघावं.

यॅडकिनकाठी स्क्वायरला नवा मान मिळाला. जमीन मिळाली, पुढे तो तिथला न्यायाधिकारी झाला. आणि इथलीच एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. सॉल्झबरी गावात कटॉबा जमातीचा एक नेमबाज होता, गोरे लोक त्याला सॉसी जॅक म्हणत. नेमबाजीच्या स्पर्धांत डॅनियल त्याला हरवू लागला. एकदा दारूच्या भरात त्याने डॅनियलला मारून टाकण्याची भाषा केली. डॅनियल शिकारीला गेला होता. स्क्वायरने ऐकलं, कुऱ्हाड उचलली, आणि असं असेल तर आधी मीच मारतो म्हणत त्याला शोधत निघाला. कुणीतरी जॅकला सावध केलं, तो निसटला, रक्त सांडलं नाही. पण हा तोच माणूस, ज्याच्या बापाने हत्यार न धरणाऱ्या पंथासाठी देश सोडला होता. ओलीतून निघून काही वर्षंच झाली होती. सरहद्द माणसाला आतून किती लवकर बदलते, हे मला यापेक्षा स्पष्ट कुठे दिसलं नाही.

१७५५ मध्ये डॅनियल वीस वर्षांचा असताना युद्धावर गेला. इंग्रज सेनापती एडवर्ड ब्रॅडॉक फ्रेंचांचा ड्युकेन किल्ला, म्हणजे आजचं पिट्सबर्ग, घ्यायला निघाला होता. नॉर्थ कॅरोलायनाच्या तुकडीबरोबर डॅनियल गाडीवान म्हणून होता. त्याच सैन्यात सेनापतीचा मदतनीस म्हणून तेवीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन होता, आणि गाड्या हाकणाऱ्यांत डॅनियल मॉर्गन, जो पुढे स्वातंत्र्ययुद्धात सेनापती झाला. ९ जुलैला मोनोंगाहेलाच्या काठी फ्रेंच आणि त्यांच्या आदिवासी मित्रांनी झाडांच्या आडून गोळ्या घातल्या. लाल डगल्यांचे इंग्रज शिपाई वाटेवर रांगा धरून उभे राहिले आणि मरत गेले. सुमारे तेराशेंपैकी आठशेहून अधिक मेले किंवा जखमी झाले. ब्रॅडॉकही काही दिवसांत गेला. मागे गाड्यांपाशी असलेल्या डॅनियलने घोड्याचे पट्टे कापले, त्यावर उडी मारली आणि तो पळाला. बहुतेक गाडीवानांनी तेच केलं. त्याच्या चरित्रात लोक हे वाक्य घाईने ओलांडतात. मला घाई करावीशी वाटत नाही. झाडाआडून लढणाऱ्यांसमोर उघड्यावर उभं राहून मरण्यात काही अर्थ नाही, हे त्या मैदानात ज्याला सर्वांत लवकर कळलं असेल तो रानात वाढलेला गुराखीच असणार.

याच मोहिमेत, शेकोटीपाशी, त्याला जॉन फिंडली भेटला. आदिवासींशी व्यापार करणारा फिरस्ता. डोंगरापलीकडे केंटकी म्हणून देश आहे, तिथे गवे कळपाने फिरतात, गवत कमरेएवढं, असं त्याने सांगितलं. बूनने ते मनात धरून ठेवलं. तो तिथे पोचायला चौदा वर्षं जावी लागली, १७६९ उजाडलं. तेव्हाही वाट दाखवायला फिंडलीच सोबत होता.

मधे लग्न झालं. १४ ऑगस्ट १७५६ ला, सतरा वर्षांच्या रेबेका ब्रायनशी. विवाह लावला तो न्यायाधिकारी म्हणून स्वतः स्क्वायर बूनने. मुलांच्या लग्नांवरून ज्याला सभेने बाहेर काढलं, त्याच्याच हाताने मुलाचं लग्न लागत होतं, कुठल्याही सभेची परवानगी न मागता. त्या दिवशी स्क्वायरच्या मनात एक्सिटरची सभा आली असेलच, असं मला वाटतं. सारा तर तिथे होतीच.

स्क्वायर १७६५ मध्ये गेला. सारा राहिली. १७७३ च्या सप्टेंबरमध्ये डॅनियल बायकामुलांना घेऊन केंटकीत कायमचा राहायला निघाला, तेव्हा ती थोडं अंतर सोबत गेली. निरोप घेताना मायलेक गळ्यात पडून रडले, असं कुटुंबात सांगत. त्यांची पुन्हा भेट झाली नाही. आणि महिन्याभरात, १० ऑक्टोबरला, वाटेवरच डॅनियलचा थोरला मुलगा जेम्स मारला गेला. सोळा वर्षांचा. मारणाऱ्यांत शॉनी, लेनापे आणि चेरोकी होते. ज्यांच्या नातेवाइकांना डॅनियलने लहानपणी ओलीच्या वाटेवर पाहिलं असेल, तेही त्यांत असू शकतील. त्यांच्या दृष्टीने ही गाड्यांची रांग म्हणजे आणखी एकदा जमीन जाणं होतं, आणि ते बरोबर होतं. बून माणूस म्हणून कुणाचा द्वेष करत नव्हता, हे मी मानते. पण त्याने पाडलेल्या वाटेने जे आले त्यांनी त्या लोकांना उखडलं, आणि नव्या देशात बूनने स्वतः गुलामही बाळगले. आईच्या पंथातल्या काहींनी पेनसिल्व्हेनियात १६८८ मध्येच गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला होता. ओलीतून त्याने काय सोबत नेलं हे सांगताना काय मागे टाकलं तेही सांगायला हवं.

देशभक्त म्हणून त्याचा खरा कस लागला तो १७७८ मध्ये. फेब्रुवारीत ब्लू लिक्सपाशी मीठ काढायला गेलेल्या माणसांसकट तो शॉनींच्या हाती लागला. लढलो तर सगळे मरतील, आणि मागे बूनस्बरो उघडं पडेल, असं ओळखून त्याने आपल्या माणसांना शस्त्रं खाली ठेवायला लावली. शॉनींचा नायक ब्लॅकफिश याने त्याला मुलगा मानून दत्तक घेतलं, आणि बून काही महिने त्या घरात खरोखर मुलासारखा राहिला. बूनस्बरोवर हल्ला होणार हे कळल्यावर जूनमध्ये तो निसटला आणि चार दिवसांत एकशे साठ मैल तुडवत किल्ल्यात पोचला. सप्टेंबरमध्ये वेढा पडला, किल्ला टिकला. आणि वेढा उठल्यावर त्याच्याच लोकांनी त्याच्यावर खटला भरला. शत्रूला फितूर झालास, आपली माणसं विनाकारण त्यांच्या हवाली केलीस, असा आरोप. रिचर्ड कॅलावे आणि बेंजामिन लोगन हे आरोप करणाऱ्यांत होते.

त्यांना संशय का आला, ते मी समजू शकते. शॉनींच्या घरात इतका सहज मिसळून राहिलेला माणूस त्यांना कळण्यापलीकडचा होता. लढता येत असताना शस्त्रं ठेवणारा तर त्याहून. पण ज्या मुलाने दहाव्या वर्षी रानाच्या कडेला आईबरोबर राहून, वाटेने जाणाऱ्या लेनापेंना ओळख देत दिवस काढले, ज्याच्या बापाने नियमापेक्षा स्वतःला दिसलेलं खरं मानलं, त्याला दुसऱ्याच्या चुलीपाशी बसता येत होतं आणि तरीही कुणाचा जीव वाचवायचा याचा निर्णय स्वतः घेता येत होता. बूनने आपली बाजू मांडली. न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं आणि त्याच वेळी मेजरचा हुद्दाही दिला. त्या खटल्याबद्दल तो पुढे फारसा कधी बोलला नाही.

रेबेका तोवर तिथे नव्हती. शॉनींनी त्याला मारलं असं समजून ती मुलांना घेऊन यॅडकिनला माहेरच्यांकडे परतली होती. एकटी लेक जेमायमा नवऱ्याबरोबर किल्ल्यात थांबली होती. खटला संपल्यावर बून त्यांना आणायला डोंगर ओलांडून गेला. लगेच परत येणं काही जमलं नाही. पुन्हा केंटकीची वाट धरायला १७७९ चा शरद ऋतू यावा लागला. सारा तेव्हा हयात नव्हती. ती १७७७ मध्येच गेली होती.